गाडीच्या बॅटरीला बाहेरून जोडायचा व्होल्टेज स्टॅबिलायझर घ्यावा का?

सांजप्रवासी

माझी पेट्रोल गाडी आता बरीच जुनी झाली आहे. रात्री सिग्नलला उभी असताना एसी आणि हेडलाइट दोन्ही चालू असले, की दिव्यांचा उजेड किंचित मंदावतो आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच पूर्ववत होतो. सकाळी सेल्फ मारताना इंजिनही पूर्वीपेक्षा जडपणे फिरते. बॅटरी मात्र नवी आहे.

यावर उपाय म्हणून मला बॅटरीला जोडायचा व्होल्टेज स्टॅबिलायझर सुचवण्यात आला आहे. पारदर्शक झाकणाची, हातात मावेल एवढी डबी, आत निळा दिवा आणि व्होल्टेजचे आकडे, बाहेर लाल आणि काळी अशा दोन वायरी, आणि सोबत इंजिनापासून बॉडीपर्यंत ठिकठिकाणी जोडायच्या अर्थिंगच्या जादा वायरींचा संच, असे त्याचे स्वरूप आहे. खोक्यावरचे दावे मोठे आहेत: पिकअप वाढेल, ॲव्हरेज सुधारेल, हेडलाइट प्रखर होतील, साउंड सिस्टिमचा आवाज स्वच्छ होईल आणि बॅटरीचे आयुष्यही वाढेल.

एवढ्याशा डबीत हे सगळे करण्याची ताकद असू शकते का, आणि नसल्यास ती निदान निरुपद्रवी तरी असते का? माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो, त्यामुळे काही मोजून पाहायचे असल्यास अवश्य सांगावे.

चौथा_गिअर

मी असा स्टॅबिलायझर अर्थिंगच्या वायरींसकट बसवला आहे आणि समाधानी आहे. पूर्वी आयडलिंगला इंजिनात जी बारीक थरथर जाणवायची, ती बसवल्या दिवसापासून गेली आणि दुसऱ्या गिअरमधली ओढ सुधारली. मला आकडेमोड येत नाही, पण रोज तीच गाडी चालवणाऱ्याला तिच्यातला फरक कळतो. माझे मत विचाराल, तर जरूर घ्या.

ओहमकार

आधी डबीत काय असते ते पाहू. अशा बहुतेक डब्यांत काही इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विजेचा छोटा साठा करणारे घटक) समांतर जोडलेले असतात, त्यांच्याबरोबर एक फ्यूज, एक एलईडी आणि जमल्यास व्होल्टमीटर असतो. व्होल्टेज नियंत्रित करणारे त्यात काहीही नसते. गाडीत ते काम अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या वीजजनित्राला, जोडलेला रेग्युलेटर करतो: तो रोटरच्या गुंडाळीतला प्रवाह कमीजास्त करून व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४च्या दरम्यान राखतो. डबी या व्यवस्थेत ढवळाढवळ करत नाही आणि तिला करताही येणार नाही, कारण ती बॅटरीच्या दोन टोकांना समांतर जोडलेली असते आणि बॅटरीचे जे व्होल्टेज असेल तेच तिचेही असते.

आता ताकदीचा हिशेब. कपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग भागिले दोन. डबीत एकूण १०,००० मायक्रोफॅरड आहेत असे धरू. १४ व्होल्टला त्यात ०.९८ जूल, म्हणजे जेमतेम एक जूल ऊर्जा मावते. ४५ अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १९ लाख ४४ हजार जूल असतात. सेल्फ मारताना स्टार्टर १० व्होल्टला १५० अँपिअर घेत असेल, तर तो दर सेकंदाला १,५०० जूल खातो. डबीतली सगळीच्या सगळी ऊर्जा जरी त्याला मिळाली, तरी ती एक सहस्रांश सेकंदही पुरणार नाही, आणि प्रत्यक्षात सगळी मिळतही नाही, कारण व्होल्टेज १० पर्यंत उतरले तरी कपॅसिटर निम्म्याहून अधिक भरलेलाच राहतो. ५५ वॉटचा हेडलाइटचा एक बल्ब तिच्यावर फार तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका चालेल. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचे दिवे कित्येक सेकंद मंद राहतात, त्या त्रुटीपुढे हा साठा म्हणजे हत्तीच्या तोंडात जिरे आहे.

दहापट मोठे कपॅसिटर बसवले, तरी हिशेबाचा निष्कर्ष बदलत नाही.

चौथा_गिअर

ओहमकार यांनी मोठ्या आकड्यांनी दिपवून टाकले आहे, परंतु त्यांनी खोडलेला दावा मुळात कोणी केलेलाच नाही. ही डबी म्हणजे दुसरी बॅटरी, असे कोण म्हणते? अल्टरनेटरमधून जो तरंगणारा विद्युतप्रवाह येतो, त्यातले तरंग गाळणे हे तिचे काम आहे. स्वच्छ वीज मिळाली, की इसीयू (इंजिन चालवणारा संगणक), सेन्सर आणि इग्निशन कॉइल नीट चालतात, असा तो मुद्दा आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तूत गाळणीसाठी कपॅसिटर असतातच, मग ते गाडीतच तेवढे निरुपयोगी कसे?

ओहमकार

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर ऊर्जेच्या हिशेबाने देता येत नाही, म्हणून ते स्वतंत्रपणे देतो.

अल्टरनेटर त्रिकला विद्युत निर्माण करतो आणि डायोडचा पूल तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. त्यामुळे विजेच्या प्रत्येक आवर्तनात सहा लहान उंचवटे राहतात. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असताना पट्ट्यामुळे अल्टरनेटर ६,००० फेरे घेतो असे धरा. १२ ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये प्रत्येक फेऱ्यात सहा आवर्तने होतात, म्हणजे सेकंदाला ६०० आवर्तने आणि ३,६०० तरंग. या वारंवारितेला १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर स्वतः साडेचार मिलिओहमांपेक्षाही कमी अडथळा करतो, हे खरे आहे. पण तो बॅटरीला ज्या दोन वायरींनी जोडलेला असतो, त्या मिळून मीटरभर भरल्या आणि त्यांचे प्रेरकत्व (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) सुमारे एक मायक्रोहेन्री धरले, तर त्या वायरींचाच अडथळा बावीस मिलिओहमांच्या पुढे जातो. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध पाच ते दहा मिलिओहम असतो. तरंगांनी यांतली कोणती वाट धरावी, हे वेगळे सांगायला नको. बॅटरी निरोगी असेल, तर गाडीतली सर्वांत मोठी गाळणी तीच असते.

प्रत्येक उपकरणात कपॅसिटर असतात, हेही अगदी बरोबर आहे, आणि इसीयूतही ते असतातच. मात्र ते सर्किट बोर्डावर चिपला अगदी खेटून बसवलेले असतात, कारण गाळणीचा उपयोग भाराच्या जवळच होतो. शिवाय इसीयू १२ व्होल्टवर विचार करत नाही. त्याच्या आतले रेग्युलेटर बाहेरच्या व्होल्टेजपासून ५ किंवा ३.३ व्होल्ट तयार करतात आणि बहुतेक सेन्सरांना संदर्भ म्हणून हेच ५ व्होल्ट पुरवले जातात. बाहेर १३.६ आहेत की १४.१, याची सेन्सरला खबरही नसते.

ज्या भागांना खरोखर बॅटरीचे व्होल्टेज मिळते, ते म्हणजे इंजेक्टर आणि इग्निशन कॉइल. व्होल्टेज उतरले की इंजेक्टर उघडायला थोडा अधिक वेळ लागतो आणि कॉइल भरायलाही. इसीयू बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते. तो सतत बॅटरीचे व्होल्टेज वाचत असतो आणि त्यानुसार इंजेक्टरला दिलेला वेळ व कॉइल भरण्याचा वेळ वाढवतो. म्हणजे ज्या दोषावर ही डबी इलाज सांगते, तो निस्तरण्याची सोय कारखान्यातूनच झालेली असते.

आता आपल्या अनुभवाविषयी. थरथर गेली यावर मी अविश्वास दाखवत नाही, फक्त तिचे श्रेय डबीला द्यावे का, एवढाच प्रश्न आहे. बसवताना बॅटरीचे टर्मिनल काढले होते का, घासले होते का, आणि परत घट्ट आवळले होते का? बॅटरी सुटली की अनेक गाड्यांत इसीयूने शिकून साठवलेल्या इंधनाच्या आणि आयडलिंगच्या दुरुस्त्या पुसल्या जातात आणि तो नव्याने शिकू लागतो. एवढ्यानेही गाडी काही काळ वेगळी वाटते.

चौथा_गिअर

टर्मिनल काढले होते आणि सँडपेपरने घासलेही होते, हे मान्य. तेवढ्याने थरथर गेली असे मात्र मला वाटत नाही.

नादलुब्ध

साउंड सिस्टिमचा उल्लेख झाला आहे, म्हणून थोडेसे. मोठ्या ॲम्प्लिफायरजवळ एक फॅरडचा कपॅसिटर लावतात, तो या डबीच्या शंभरपट असतो. तरीही १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो २६ जूलच देतो, म्हणजे १,००० वॉटच्या ॲम्प्लिफायरला सेकंदाचा चाळिसावा भाग. ढोलाच्या एका ठोक्याला तो किंचित हात देतो, सलग बेसला नाही. अल्टरनेटरच कमी पडत असेल, तर तो कपॅसिटरही भरून द्यायचे एक जादा ओझे ठरतो. कंपनीच्या साध्या म्युझिक सिस्टिमला यांपैकी कशाचीच गरज नसते. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगच्या जागेत किंवा पॉवरच्या वायरीशेजारून नेलेल्या सिग्नलच्या वायरीत सापडतो.

तारायंत्र

मी गाड्यांच्या वायरिंगचेच काम करते, त्यामुळे धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. ही डबी निरुपद्रवी असते का? बहुतेकदा असते, नेहमी नाही.

पहिली गोष्ट गळतीची. डबीतला दिवा आणि आकडे गाडी बंद असतानाही चालू राहत असतील आणि २० मिलिअँपिअर घेत असतील, तर महिनाभरात १४.४ अँपिअर-तास जातात, म्हणजे ४५च्या बॅटरीचा जवळपास तिसरा हिस्सा. गाडीची स्वतःची गळती वेगळीच. जी गाडी अनेक दिवस उभी राहते, तिच्या बॅटरीचे आयुष्य या निळ्या दिव्याने वाढत नाही, उलट घटते.

दुसरी गोष्ट कपॅसिटरच्या दर्जाची. त्याचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअस वाढीला साधारण निम्मे होते, आणि बॉनेटखाली ८५ अंशांच्या मर्यादेचा माल बसवणे म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून सीमेवर उभे करणे होय. अनेक डब्यांतल्या कपॅसिटरांची मर्यादा १६ व्होल्ट असते. अल्टरनेटर पूर्ण भाराने चार्ज करत असताना बॅटरीचे टर्मिनल सैल होऊन सुटले, तर व्होल्टेज एकदम उसळते. याला लोड डंप म्हणतात आणि आयएसओ १६७५०-२ या मानकात त्याची चाचणी दिलेली आहे. अल्टरनेटरमध्ये संरक्षक डायोड असतानाही हा उसळा ३५ व्होल्टच्या आसपास जाऊ शकतो, आणि गाडीतली मूळ उपकरणे तो सोसतील अशीच बनवलेली असतात. १६ व्होल्टचा कपॅसिटर मात्र फुगतो, कधी फुटतो, आणि फ्यूज नसलेल्या डबीत तो शॉर्ट झाला तर वायर जळते. अशा फुगलेल्या, तळाशी तपकिरी डाग पडलेल्या डब्या मी काढलेल्या आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर एक चौकोनी सेन्सर असतो. बॅटरीत किती प्रवाह गेला आणि किती आला, याचा तो हिशेब ठेवतो आणि त्यावरून संगणक अल्टरनेटरला व्होल्टेज ठरवून देतो. अशा गाडीत व्होल्टेज साडेबारापासून पंधरापर्यंत हेतुपुरस्सर हलवले जाते: उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की वाढते, जोर लावताना कमी होते. डबीवरचे आकडे खालीवर होताना पाहून घाबरण्याचे कारण नाही, ती रचनाच तशी असते. पण अर्थिंगच्या जादा वायरी सेन्सरला वळसा घालून थेट बॅटरीच्या ऋण खुंटीवर आवळल्या, तर त्या वाटेने जाणारा प्रवाह सेन्सरला दिसत नाही आणि सगळा हिशेब चुकतो. म्हणूनच अशा गाड्यांच्या पुस्तिकांत जादा उपकरणाची ऋण वायर टर्मिनलवर न जोडता बॉडीच्या ठरावीक बिंदूवर जोडण्यास सांगितलेले असते.

सांजप्रवासी, आपल्या गाडीची लक्षणे वाचून मला डबीपेक्षा इंजिनाच्या अर्थिंगची पट्टी आठवली. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, एसी, पंखा आणि हेडलाइट चालू ठेवून चार वाचने घ्या: अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टपासून त्याच्याच धातूच्या अंगापर्यंत, बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये, अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या धन खुंटीपर्यंत, आणि इंजिनाच्या उघड्या धातूपासून बॅटरीच्या ऋण खुंटीपर्यंत. शेवटचे वाचन सेल्फ मारतानाही घ्या. सुया खुंटीवरच टेकवा, क्लॅम्पवर नको, नाहीतर त्या दोघांमधला सांधा मोजायचा राहून जातो. मीटरच्या वायरी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवा.

सांजप्रवासी

सविस्तर मार्गदर्शनाबद्दल आभार. वाचने पुढीलप्रमाणे आली. अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट, बॅटरीवर १३.७. धन बाजूची घट ०.१ आणि ऋण बाजूची ०.४. सेल्फ मारताना इंजिन आणि ऋण खुंटी यांच्यात दीड व्होल्ट दिसले. ही घट खूप आहे का?

तारायंत्र

खूपच आहे. सेल्फ मारताना ऋण बाजूला ०.३ ते ०.५ व्होल्टच्या वर काही दिसले, की मी ती वायर उघडून पाहते. आपल्या बाबतीत स्टार्टरला मिळायला हवे त्यातले दीड व्होल्ट नुसता सांधा तापवण्यात जात आहेत. इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या अंगावरून बॉडीकडे जाणारी विणलेली तांब्याची पट्टी किंवा जाड काळी वायर शोधा. आधी बॅटरीची ऋण वायर सोडवा, मग पट्टीचा बोल्ट काढा आणि तिच्या टोकाच्या डोळ्याखालची, म्हणजे बोल्ट जातो त्या कड्याखालची, बाजू पाहा. वरून ती बऱ्याचदा ठीकठाक दिसते.

चौथा_गिअर

मग माझा मुद्दा अर्धा तरी सिद्ध झाला. त्या संचात याच अर्थिंगच्या वायरी येतात. धागाकर्त्यांनी तो बसवला असता, तर दोष आपोआप गेला असता.

ओहमकार

अर्धा नव्हे, पाऊण म्हणा. हा दोष असलेल्या गाडीत अर्थिंगच्या नव्या वायरींनी खरोखर फरक पडतो, आणि अशा संचांची जी प्रामाणिक स्तुती ऐकू येते, तिचा बराचसा उगम मला इथेच दिसतो. पण तो गुण तांब्याच्या वायरीचा असतो, कपॅसिटरचा नव्हे. आणि संचातली वायर बारीक असेल, तर कुजलेल्या पट्टीच्या वाट्याचा स्टार्टरचा प्रवाह तिच्यावर येतो. पट्टी दुरुस्त केली असता वेगळ्या संचाला करण्यासारखे काही उरत नाही.

चाकोरीबाहेर

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. कपॅसिटरने गाडीत काहीच साधत नाही असा अर्थ कोणी काढू नये. माझदाने २०१२ पासून आय-इलूप ही पद्धत वापरली: तीत १२ ते २५ व्होल्टमध्ये चालणारा अल्टरनेटर वेग कमी होताना मोठा द्विस्तरीय कपॅसिटर भरतो आणि वेगळा डीसी-डीसी कन्व्हर्टर (एका व्होल्टेजचे दुसऱ्यात रूपांतर करणारे सर्किट) त्यातून गाडीची विद्युत गरज भागवतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या अनेक गाड्यांतही पुन्हा सुरू होताना पडद्याने आणि रेडिओने डोळे मिटू नयेत म्हणून व्होल्टेज उचलून धरणारा कन्व्हर्टर कारखान्यातूनच येतो. तो खरा स्टॅबिलायझर. त्याच्यात स्विचिंगचे सर्किट असते आणि तो ठरावीक भारापुरता असतो.

इंधनबचतीच्या दाव्याबाबत एवढेच सांगतो, की अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने असा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली आहेत आणि त्यांपैकी एकानेही लक्षणीय बचत केल्याचे तिला आढळले नाही.

सांजप्रवासी

पट्टी सापडली. गिअरबॉक्सकडचा तिचा डोळा वरून काळपट पण धड दिसत होता. बोल्ट काढल्यावर खालच्या बाजूला हिरवट-पांढरा थर निघाला आणि डोळ्याच्या मानेशी अर्ध्याहून अधिक तारा तुटलेल्या होत्या, उरलेल्या बोटाने चोळताच भुगा होत होत्या. त्याच जाडीची नवी पट्टी बसवली आणि दोन्हीकडचा धातू चकचकीत होईपर्यंत घासला. आता चालू इंजिनावर ऋण बाजूची घट ०.०५ आणि सेल्फ मारताना ०.२ व्होल्ट आहे. इंजिन झटक्यात फिरते. हेडलाइट सुधारले आहेत, मात्र आयडलिंगला एसी सुरू होताना ते अजूनही क्षणभर मंदावतात.

तारायंत्र

तेवढे चालायचेच. आयडलिंगला अल्टरनेटर आपल्या पूर्ण क्षमतेचा बराच लहान भाग देतो आणि एसीचा क्लच लागताच इंजिनाचा वेगही क्षणभर पडतो. पट्ट्याचा ताण आणि त्यावरच्या चिरा एकदा पाहून घ्या. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, म्हणून बल्बवर १३.५ ऐवजी १२ व्होल्ट पोहोचले तर एक तृतीयांश उजेड जातो. तेव्हा बल्बच्या सॉकेटवरही वाचन घ्या. तिथे बॅटरीपेक्षा व्होल्टभर कमी भरले, तर रिले (लहान प्रवाहाने चालणारा मोठ्या प्रवाहाचा स्विच) बसवून बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर आणि फ्यूज द्यावा. कोणतीही डबी तो उजेड परत आणणार नाही.

चौथा_गिअर

माझी डबी काढून पाहायची असेल, तर तुलना कशी करावी? या वेळी बॅटरी सोडायची नाही, एवढे समजले.

ओहमकार

टर्मिनलला हात न लावता डबीच्या वायरीतला फ्यूज तेवढा काढायचा. अर्थिंगच्या वायरी आहेत तशाच राहू द्या, म्हणजे तुलना फक्त कपॅसिटरची होईल. फ्यूज काढणे-घालणे दुसऱ्या कोणाला करू द्या आणि त्याने आपल्याला काही सांगू नये. आपण चालवून आपले मत लिहून ठेवायचे आणि त्याने आपली नोंद वेगळी ठेवायची. मीटर एसी व्होल्टवर (म्हणजे बदलत्या विजेच्या मापावर, तरंग मोजण्यासाठी) ठेवून बॅटरीच्या खुंट्यांवर दोन्ही स्थितींत वाचन घ्यावे. ते ०.५ व्होल्टच्या वर आले, तर डबीचा विषय बाजूला ठेवून आधी अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्यावेत.